गणितात कमी गुण: शेरा नको, परतीची वाट हवी

दहावीच्या गणितात वीस गुण मिळवणाऱ्याला अकरावीत जाऊ द्यायचं का, हा वाद २०२४ च्या ऑक्टोबरात राज्याच्या नव्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यावरून पेटला. गणितात किंवा विज्ञानात ३५ पेक्षा कमी, पण निदान २० गुण असतील तर मुलाला अडवू नये, पुढे जाऊ द्यावं, असा तो प्रस्ताव. त्याच्या गुणपत्रिकेवर मात्र शेरा मारायचा, की या विद्यार्थ्याला पुढे गणित-विज्ञानाचे अभ्यासक्रम घेता येणार नाहीत. शेरा नको असेल त्याने पुन्हा परीक्षेला बसावं. लगेच दोन तट पडले. एकीकडे ‘गुणवत्तेचा बट्ट्याबोळ’, दुसरीकडे ‘मुलांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं’. सगळी ताकद २० बरोबर की ३५ बरोबर यावर खर्ची पडली आणि शेऱ्याचा विषय दोन्ही बाजूंनी एका वाक्यात उरकला. खरं तर वाद त्या शेऱ्यावरच व्हायला हवा होता. गणितात कमी गुण पडलेल्या मुलाला पुढे जाऊ द्यावं, या मताचा मी आहे. ज्या अभ्यासक्रमाला गणित लागतं त्याने आपल्या दारात ते हवं तितकं कडक तपासावं, हेही मला मान्य आहे. पण पंधरा वर्षांच्या पोराच्या कागदावर ‘यापुढे नाही’ असं लिहून देण्याचा अधिकार कोणत्याही मंडळाला नसावा. आणि त्याची सगळ्यात मोठी किंमत यवतमाळ, वाशिम, गडचिरोलीच्या खेड्यांतली मुलं मोजतील.

आधी गणितातले कमी गुण आज नेमकं काय अडवतात ते पाहू, कारण याबद्दल गावोगाव भलत्याच समजुती आहेत. दहावीची टक्केवारी सहापैकी उत्तम पाच विषयांवर निघते. गणितात काठावर पास झालेल्या मुलाचे ते गुण टक्केवारीत धरलेच जात नाहीत, असंही होऊ शकतं. अकरावी विज्ञानाला गणित सोडून जीवशास्त्र घेता येतं. त्या वाटेने वैद्यकीय, बी.एस्सी. नर्सिंग ही क्षेत्रं उघडी राहतात. बी.फार्म.ला भौतिक-रसायनाच्या जोडीला गणित किंवा जीवशास्त्र, दोन्हींपैकी एक चालतं. इंजिनीअरिंगला बारावीचं गणित लागतं. तिथे भौतिक, रसायन आणि गणित मिळून खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, राखीव प्रवर्गाला ४० टक्के, आणि त्यावर सीईटी. दहावीत गणितात किती पडले होते, हे तिथे जवळजवळ कुणी विचारत नाही. पॉलिटेक्निकला दहावीचे एकूण ३५ टक्के पुरतात, आणि डिप्लोमा झाला की इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. म्हणजे आजच्या नियमांत दहावीच्या गणितातले ३६ किंवा ३८ गुण फारच थोडी दारं बंद करतात. दारं बंद होतात ती पास आणि नापास यांच्या मधल्या रेघेवर, आणि दुसरी म्हणजे प्रवेशाच्या खिडकीवर.

खिडकीबद्दल थोडं सविस्तर सांगतो. एका तालुक्याच्या ठिकाणच्या कनिष्ठ महाविद्यालयात जून महिन्यात पाहिलेला प्रसंग. बाप कास्तकार, सोबत मुलगी, प्लास्टिकच्या पिशवीत गुणपत्रिका. एकूण टक्के पासष्टच्या वर, विज्ञानात चांगले, गणितात अडतीस. “पोरीले सायन्स भेटन का, सर? तिले नर्सिंग करायचं आहे,” बापाने विचारलं. खिडकीतल्या माणसाने गुणपत्रिकेवर बोट ठेवलं आणि म्हणाला, “गणित पाहा किती आहे. झेपणार नाही तिला. आर्ट्सला टाका.” नियमाने ती पात्र होती. नर्सिंगला गणित लागत नाही, जीवशास्त्र लागतं, हे त्या माणसाला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. पण अडतीस हा आकडा पाहून त्याने तिच्या कुवतीचा निकाल लावला, आणि बापाने मान हलवली, कारण शिकलेला माणूस सांगतोय. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले म्हणून ही खिडकी गेली असं कुणी समजू नये. ती आता गावातल्या ऑनलाइन सेंटरवर आली आहे. पसंतीक्रम भरून देणारा पोरगाच आता कोणती शाखा टाकायची ते सांगतो. आज हा निकाल तोंडी आहे. तोंडी असल्यामुळे एखादी हट्टी मुलगी, एखादा जाणता मामा किंवा एखादे शिक्षक तो फिरवू शकतात. उद्या तोच गुणपत्रिकेवर छापून आला तर कोण फिरवणार?

आता समोरच्यांचं म्हणणं, आणि त्यात खूप तथ्य आहे. गुणवत्तेची बाजू घेणारे विचारतात, शंभरपैकी पस्तीसही ज्याला झेपत नाहीत त्याला पुढे ढकलून त्याचं काय भलं होणार? ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत २०२३ मध्ये ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयोगटातल्या निम्म्याहून जास्त मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आलं नाही. हे आपल्याला लाज आणणारं आहे. भागाकार न येणारा मुलगा वाणिज्य शाखेत गेला तरी हिशेबात अडकतो, अर्थशास्त्र घेतलं तरी आलेखात अडकतो. पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाचं गणित तर विदर्भातल्या कित्येक मुलांनी वर्षानुवर्षं मागे ठेवलेलं असतं. बाकी सगळे विषय सुटले, गणित राहिलं, म्हणून डिप्लोमा हातात नाही, अशी तरुण पोरं प्रत्येक तालुक्यात भेटतात. २०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने इंजिनीअरिंगच्या प्रवेशाला बारावीचं गणित आणि भौतिक सक्तीचं नसेल असं सुचवलं, कच्च्या मुलांसाठी सेतू अभ्यासक्रम ठेवू म्हटलं, तेव्हा देशभरातून टीका झाली. ती रास्त होती. ज्या बांधकामाच्या खाली उद्या माणसं राहणार आहेत ते उभारणाऱ्याला गणित आलंच पाहिजे.

पण हाच मुद्दा नीट पुढे नेला तर तो शेऱ्याच्या विरोधात जातो. इंजिनीअरला गणित यावं, तर इंजिनीअरिंगच्या दारात तपासा. तिथे बारावीचे गुण आहेत, सीईटी आहे. आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन आणि फिटर ट्रेडला दहावी गणित-विज्ञानासह उत्तीर्ण असावं लागतं, तर वेल्डरला आठवी पास चालतो. प्रत्येक ट्रेडला काय लागतं याचा विचार त्या-त्या ठिकाणी झालेला आहे. कामाला जे लागतं ते कामाच्या तोंडावर तपासायचं, ही रीत चांगली आहे. मग मराठी साहित्यात, इतिहासात, समाजकार्यात किंवा जीवशास्त्रात जाऊ पाहणाऱ्या मुलाला वर्गसमीकरणावरून का अडवायचं? राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून आजही गणिताशिवाय दहावी होता येतं, आणि ते प्रमाणपत्र देशभर मान्य आहे. म्हणजे ज्याला ही वाट माहीत आहे आणि ज्याच्याजवळ तालुक्याबाहेर धावपळ करायला माणूस आहे, त्याच्यासाठी गणिताची सक्ती आधीच उठलेली आहे. सक्ती उरली आहे ती ज्याला हे कुणी सांगितलं नाही त्याच्यासाठी. २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मंडळाला विचारलंच होतं, की दहावीला गणित ऐच्छिक का असू नये? त्या प्रश्नाचं सरळ उत्तर द्यायचं टाळून आपण मधलाच मार्ग काढला: सक्ती ठेवायची, गुण कमी करायचे आणि वर शेरा मारायचा.

दुसरी बाजू दयेची. तिचं म्हणणंही मी हलक्यात घेत नाही. खेड्यात दहावी नापास म्हणजे नुसतं एक वर्ष वाया जाणं नसतं. मुलगा असेल तर जिनिंगवर, वीटभट्टीवर किंवा पुण्याकडच्या कंपनीत जातो. मुलगी असेल तर त्याच उन्हाळ्यात पाहुणे यायला लागतात. पुरवणी परीक्षा जून-जुलैत होते, पेरणीचा हंगाम जूनपासूनच असतो, आणि घरात हात कमी असतात. अशा घरात ‘पास’ हा शब्द मुलीला आणखी दोन वर्षं शाळेत ठेवतो. कुणाला ही पळवाट वाटत असेल. माझ्या लेखी त्या दोन वर्षांची किंमत फार मोठी आहे. म्हणूनच २० गुणांवर पुढे जाऊ देण्याला माझा विरोध नाही.

पण दया दाखवताना सोबत काय चिकटवलं जातं, याचा एक धडा आपल्या देशाने घेतलेला आहे. १९६७ मध्ये कर्पूरी ठाकूर बिहारचे शिक्षणमंत्री होते. मॅट्रिकला इंग्रजीची सक्ती गरीब घरातल्या मुलांना खाते, हे त्यांनी ओळखलं आणि उत्तीर्ण होण्यासाठीची इंग्रजीची अट काढून टाकली. हजारो मुलं, विशेषतः मागास जातींतली आणि मुली, पहिल्यांदा मॅट्रिक झाली. निर्णय योग्य होता असंच मी म्हणेन. पण इंग्रजीशिवाय पास झालेल्यांना लोक ‘कर्पूरी डिव्हिजन’ म्हणून हिणवू लागले. नोकरीत, कॉलेजात, सोयरिकीत ते नाव पाठ सोडेना. तिथे निदान हिणवणं समाजाचं होतं. आपण तर ते मंडळाच्या शिक्क्यानिशी छापायला निघालो आहोत. शेरा घेऊन आलेल्या मुलाकडे बारावीच्या वर्गात, कॉलेजच्या खिडकीत आणि लग्नाच्या बैठकीत कसं पाहिलं जाईल, हे सांगायला बिहारच्या पुढचं उदाहरण कशाला हवं?

आणि त्या दयेचा हिशेब नोकरीच्या दारात तर साफच चुकतो. विदर्भाच्या खेड्यातल्या मुलांना दहावीवर मिळू शकणाऱ्या नोकऱ्या दोनच मोठ्या. एक डाकसेवकाची. तिथे परीक्षा नाही, निवड दहावीच्या गुणांवर होते, पण दहावीत गणित आणि इंग्रजी उत्तीर्ण असल्याची अट आहे. २२ गुण आणि वर शेरा घेऊन गेलेल्या मुलाला तिथे उत्तीर्ण कोण मानणार? दुसरी सैन्याची. पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारी जी पोरं दिसतात त्यातली निम्मी अग्निवीरच्या तयारीत असतात. जनरल ड्यूटीला दहावीत एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात किमान ३३ टक्के लागतात. प्रत्येक विषयात! महाराष्ट्राने वीसवर पास केलं म्हणून सैन्य भरतीचा मेजर ते मान्य करणार नाही. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेतही अंकगणित आहेच. म्हणजे ज्या सवलतीने मुलाचं भलं व्हायचं, ती घेऊन तो चार-पाच वर्षं पळण्याचा सराव करेल आणि अर्ज भरताना त्याला कळेल की गडी दहावीतच बाद झाला होता. हे त्याला दहावीत कोण सांगणार आहे?

‘निवड तर विद्यार्थ्याचीच आहे, शेरा नको तर त्याने पुन्हा परीक्षा द्यावी,’ हा प्रस्तावाच्या बाजूचा सगळ्यात भक्कम युक्तिवाद. कागदावर तो न्याय्य दिसतो. पण निवड तेव्हाच निवड असते जेव्हा दोन्ही पर्यायांचा खर्च दोघांना सारखा पडतो. यवतमाळ शहरातला मुलगा महिनाभर शिकवणी लावेल, जुलैत बसेल, पस्तीस काढेल आणि स्वच्छ गुणपत्रिका घेऊन मोकळा होईल. पांढरकवडा किंवा मारेगाव तालुक्यातल्या पोडावरचा, म्हणजे कोलाम वस्तीवरचा, मुलगा शेरा घेईल, कारण शिकवणी नाही, आणि घरच्यांना ‘पास’ एवढंच ऐकू आलेलं आहे. निकाल काय लागेल? एका पिढीत शेरेवाल्या गुणपत्रिका ठरावीक तालुक्यांच्या आणि ठरावीक आडनावांच्या होतील. मग उद्या कुणीतरी तेच आकडे दाखवून म्हणेल, ‘या भागातल्या मुलांचा कल विज्ञानाकडे नाहीच.’

या चर्चेत आमच्या बाजूचे लोक एक भाबडा युक्तिवाद नेहमी करतात. तोही खोडला पाहिजे. ते म्हणतात, कापूस वेचणारी बाई किलोमागच्या दराने आपली आठवड्याची मजुरी तोंडी काढते, अडत्याच्या काट्यावरची चूक पकडते, तिला गणित येत नाही असं कोण म्हणेल? तिची हुशारी खरीच आहे. पण त्यावरून तिच्या मुलीला समीकरण शिकायची गरज नाही असा निष्कर्ष काढणं म्हणजे तिला कापसाच्या काट्याजवळच ठेवणं. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शिक्षण मागितलं तेव्हा त्यांच्या यादीत मोडी-बाळबोध वाचन-लेखनाच्या बरोबरीने हिशेब होता. हिशेब न आल्याने कुळाचं काय होतं, ते त्यांनी सावकाराच्या वहीत पाहिलं होतं. आजच्या दहावीच्या बीजगणितात ‘अर्थनियोजन’ नावाचा धडा आहे. त्यात जीएसटी आहे, शेअर आहेत. पीककर्जाचं व्याज, विम्याचा हप्ता, बियाण्याच्या बिलावरचा कर हे समजून घ्यायला तो धडा आमच्या मुलांना शहरातल्या मुलांपेक्षा जास्त लागतो. म्हणून ‘गणित सोडून द्या’ हे माझं म्हणणं नाही. गणित शिकवा, आणि न आल्यास पुन्हा शिकवा, हे आहे.

शिकवणार कोण? गुणवत्तेवर घसा कोरडा करणाऱ्यांनी या प्रश्नापाशी थांबायला हवं होतं. २०१२ नंतर राज्यात कित्येक वर्षं शिक्षकभरती बंद होती. जे निवृत्त झाले त्यांच्या जागा तशाच राहिल्या, आणि शाळांनी घड्याळी तासिकेवर माणसं घेऊन वेळ निभावून नेली. खेड्यातल्या हायस्कुलात गणित इतिहासाचे सर शिकवतात, कधी पीटीचे सर शिकवतात, आणि त्यांचा दोष काहीच नसतो. भूमितीतलं वर्तुळाचं प्रकरण वार्षिक परीक्षेच्या पंधरा दिवस आधी सुरू होतं आणि प्रमेयं ‘पाठ करा’ म्हणून सांगितली जातात. मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडे मुलं घरी कोरकू बोलतात, शाळेत मराठीतून गणित ऐकतात, आणि शाब्दिक उदाहरणात गणिताआधी भाषेवरच अडतात. २०२३-२४ च्या आधी मूल आठवीपर्यंत न अडता वरच्या वर्गात जात राहायचं, कच्चेपणा नववीत उघडा पडायचा, आणि तेव्हा उरायची दोन वर्षं. अशा मुलाला मिळालेले २४ गुण त्याच्या कुवतीचं मोजमाप आहेत, की त्याच्या शाळेतल्या रिकाम्या जागेचं? शेरा मात्र शाळेच्या मान्यतापत्रावर लागत नाही, शिक्षकांच्या जागा ठरवणाऱ्या संचमान्यतेच्या कागदावर लागत नाही. तो लागतो मुलाच्या गुणपत्रिकेवर.

कोठारी शिक्षण आयोगाने १९६४ ते ६६ या काळात दहावीपर्यंत विज्ञान आणि गणित सगळ्यांना सक्तीचं करा म्हटलं, त्यामागे हीच काळजी होती. मुलाची वाट फार लवकर ठरवली जाऊ नये, खेड्यातल्या मुलासमोरही शहरातल्या मुलाइतक्याच शक्यता दहावीपर्यंत उघड्या असाव्यात, म्हणून सक्ती. तीच सक्ती आता वाट बंद करायला वापरायची, हा उलटा न्याय झाला. आपल्याकडे सोप्या गणिताचा प्रयोग झालेलाही आहे. काही वर्षं मंडळाने ‘सामान्य गणित’ हा पर्याय दिला, तो घेतला की पुढे विज्ञानाची वाट धरता येत नसे, आणि अखेर तो बंद करावा लागला. सीबीएसईने २०२० च्या परीक्षेपासून दहावीत ‘बेसिक’ आणि ‘स्टँडर्ड’ असे दोन पेपर ठेवले आहेत. त्यातली चांगली गोष्ट अशी, की बेसिक दिलेल्याचा विचार बदलला तर त्याला पुढे स्टँडर्डची परीक्षा देता येते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही, २०२० चं, कला आणि विज्ञान यांच्यातल्या भिंती पाडा असंच म्हणतं. ते धोरण राबवायला केलेल्या आराखड्यातूनच भिंत उभी राहावी, हे कुणाला खटकत कसं नाही?

मला हवं आहे ते फार मोठं नाही. वीस गुणांवर पुढे जाऊ द्या, पण गुणपत्रिकेवर गुण छापा, भविष्य छापू नका. ज्या अभ्यासक्रमाला जितकं गणित लागतं तितकी अट त्या अभ्यासक्रमाने घालावी. दहावीच्या निकालासोबत प्रत्येक मुलाच्या हातात साध्या मराठीत एक पान द्या: गणितात इतके गुण असतील तर काय-काय घेता येतं, काय नाही, आणि डाकसेवकाला, अग्निवीरला, इलेक्ट्रिशियनच्या ट्रेडला काय लागतं. हायस्कुलात गणिताची जागा रिकामी असेल तर तिथल्या निकालाची जबाबदारी शिक्षण विभागाने लेखी घ्यावी. आणि पुढे गेलेल्या कोणत्याही मुलाला किंवा मुलीला, बारावीत असो, कॉलेजात असो, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली असो, फक्त गणिताचा पेपर केव्हाही पुन्हा देता यावा. मिळालेले नवे गुण जुन्यांच्या जागी लागावेत, प्रयत्नांची संख्या आणि वय न विचारता. यासाठी नवी यंत्रणा उभारायची गरज नाही. दर जून-जुलैत पुरवणी परीक्षा होतेच, केंद्रं ठरलेली असतात, प्रश्नपत्रिका छापलेली असते. त्याच खोल्यांत आणखी काही बाकं टाकावी लागतील.